देवीने सांभाळलेले पाय

म्हसावद, १ डिसेंबर २०२५

पर्वतवासिनी डॉक्टर शिखा हिला,

तुझं पत्र औषधांच्या रिकाम्या खोक्यातून, एका फुटक्या सलाइनच्या बाटलीच्या सोबतीने, निम्मं ओलं होऊन पोचलं. तुझ्या वडिलांचा, सुभाषचंदचा, अक्कलकुव्याच्या औषधाच्या दुकानातून फोन आला होता. "डॉक्टरसाब, लडकी की चिठ्ठी आयी है. मेरे नाम की नहीं, आपके नाम की." शेवटचं वाक्य त्याने दोनदा म्हटलं. त्यालाही दोन ओळी लिहीत जा. दुकान त्याचं, एस.टी.ने तुझ्याकडे पेटी पाठवतो तो, आणि पेटीतून पत्रं मात्र माझी जातात, हे बापाच्या नजरेने अन्यायाचंच आहे.

तुझ्या आरोग्य केंद्रात रेंज नाही याचा मला मात्र आनंद आहे. नाहीतर तू मला अंगठ्याची चित्रं पाठवली असतीस. आता तुला पूर्ण वाक्यं लिहावी लागतात.

तर मुद्दा. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षयरोग, आणि त्यावर नवी चार औषधं. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. सहा महिने, सगळं तोंडाने, एकही सुई नाही. तू हे इतक्या उत्साहाने लिहिलं आहेस की शाई दोन ठिकाणी फुटली आहे. बाळ, गेल्या तीस वर्षांत औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी माझ्या टेबलावर जेवढे चमत्कार मांडले, तेवढे अठरा पुराणांत मिळून नसतील. आमच्या वेळी याच रोगाला दोन वर्षं लागत, आणि त्यातले सहा महिने रोज सुई. ती दोन वर्षं सहा महिन्यांत बसवणारा माणूस एक तर ऋषी असावा किंवा विक्रेता.

पण माझं सोड. मी संशयात्मा आहे, आणि माझ्या वडिलांनी संस्कृत पाठशाळेत मला वादाचे नियमही शिकवलेत: समोरच्याला आधी पूर्ण बोलू द्यावं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही परिसरातले डॉक्टर माझ्या दवाखान्यात जमून नवं संशोधन वाचतो, हे तुला ठाऊक आहे. या उपचारावर दोन पानांचं टिपण लिही. मराठीत. आणि तुझ्या त्या पहिल्या रुग्णाबद्दलही कळव. दिवाल्या ना त्याचं नाव?

पत्ता माझ्या दवाखान्यातल्या भिलाने लिहिला आहे. माझं अक्षर पोस्टमनलाच काय, मलाही वाचता येत नाही.

तुझा,
नवनीतकाका

—

आरोग्य केंद्र, काठीजवळ, १४ डिसेंबर २०२५

नवनीतकाका, जय जिनेंद्र.

पप्पांना वेगळं पत्र लिहिलंय. चार ओळींचं. त्यातल्या दोन तुमच्याबद्दल तक्रारीच्या.

हो, दिवाल्याच. वय सव्वीस. काठीच्या वरच्या पाड्यावर राहतो, आई धनुबाई आणि तो, दोघंच. मागच्या वर्षी खोकल्यातून रक्त पडलं, नेहमीची औषधं घेतली, उतार नाही. तपासणीत कळलं की जंतू त्या औषधांना दाद देत नाहीत. २४ नोव्हेंबरला नवा उपचार सुरू केला. सव्वीस आठवडे, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस संपेल. आमची आशाताई रिना रोज चढून त्याच्या घरी जाते आणि तिच्यासमोर तो गोळ्या घेतो.

टिपण सोबत आहे. तुमच्या संशयासाठी एकच ओळ इथे लिहिते: मोठ्या चाचणीत जुन्या पद्धतीने शंभरातले निम्मेच जेमतेम बरे झाले, नव्याने जवळपास नव्वद. हे विक्रेत्याने सांगितलेलं नाही, आकडे छापलेले आहेत, संदर्भ दिलाय, वाचा.

त्रासही लिहिलेत, लपवलेलं काही नाही. लिनेझोलिडने रक्त कमी होऊ शकतं, पायांच्या नसांना इजा होऊ शकते, क्वचित डोळ्यांनाही. दिवाल्याला रिनामार्फत त्याच्या भाषेत समजावलं: पायाला मुंग्या आल्या, आग झाली, दुखलं, तर लगेच सांगायचं. तो हसून म्हणाला, सांगेन.

एक अडचण आहे. तो आजारी असताना धनुबाईने नवस बोललाय की पोरगा उठला तर काठीच्या होळीत पाच वर्षं बावा होईल. कमरेला भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर राखेचे ठिपके. नवसाच्या पाच दिवसांत अनवाणी राहायचं, जमिनीवर झोपायचं, स्वतः रांधलेलंच खायचं, बाईच्या हातून काही घ्यायचं नाही. आणि गोळ्या देणार रिना! "नवस मोडला तर गोळी काय कामाची?" असं धनुबाईने मला सरळ विचारलं. याचं उत्तर तुमच्याकडे असेल.

तुमची,
शिखा

ता.क. तुम्ही फोनवर एवढे मोठ्याने का बोलता ते आता कळलं. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या भिलामामांशी दिवसभर बोलून तुमचा आवाज कायमचा तसा झालाय.

—

म्हसावद, ७ जानेवारी २०२६

टिपणकर्त्री शिखा हिस,

संदर्भ वाचला. आकडे खरे आहेत. मी अजून पूर्ण मानलेलं नाही, पण संशय आता खुर्चीवरून उठून दाराशी जाऊन उभा आहे.

रविवारी बैठकीत तुझं टिपण वाचून दाखवलं. अकरा डॉक्टर आले, त्यांतले सात जागे होते, ही आमच्याकडे विक्रमी उपस्थिती. "शिष्या कुणाची?" म्हणून एकाने विचारलं. मी विनयाने खाली पाहिलं, म्हणजे उत्तर सगळ्यांना कळावं. शेवटची ओळ, "तीन आठवडे झाले, रुग्णाची कसलीही तक्रार नाही," यावर टाळ्या पडल्या. भिला चहा देत होता. त्याने कागद मागितला, ती ओळ बोट ठेवून वाचली आणि परत दिला. तुझं अक्षर आवडलं असावं. माझ्या अक्षराने तो तीस वर्षं गांजला आहे.

आता नवस. अगं, धर्माशी वाद घालू नये, त्याला काम द्यावं. बाईच्या हातून घ्यायचं नाही ना? मग हातून देऊ नका. पाच दिवसांच्या गोळ्या आधीच एका छोट्या भोपळ्यात भरून ठेवायला सांग. दिवाल्या स्वतःच्या हाताने काढेल, स्वतः भरलेल्या पाण्याने गिळेल. रिनाने दहा हात लांब उभं राहून पाहायचं. पाहण्याला कुठल्याही नवसात बंदी नाही. धनुबाईला विचार, भोपळ्यातलं औषध भोपळ्याच्या देवाला चालतं का.

सुभाषचंदने माझ्याविरुद्धच्या त्या दोन ओळी मला फोनवर वाचून दाखवल्या. फार खुश होता.

तुझा,
नवनीतकाका

—

आरोग्य केंद्र, काठीजवळ, ७ मार्च २०२६

काका, जय जिनेंद्र!

आधी मोठी बातमी. दिवाल्याच्या थुंकीत आता जंतू नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याचं, दोन्ही कल्चर स्वच्छ! वजन साडेपाच किलोने वाढलं. दाराशी उभ्या असलेल्या तुमच्या त्या संशयाला आता बाहेरून कडी लावा.

भोपळ्याची युक्ती चालली. धनुबाईने भोपळा हातात घेऊन वजन केलं, आत डोकावली आणि म्हणाली, "हा पण कमरेलाच बांध." म्हणजे इतर बावांच्या भोपळ्यांत खडे वाजत होते, आमच्या दिवाल्याच्या एकात लिनेझोलिड वाजत होतं. एकही दिवस चुकला नाही.

आणि होळी! तुम्हाला आवडेल म्हणून सविस्तर लिहिते. डोंगराडोंगरांतून माणसं उतरली होती. ढोलांचा आवाज छातीत बसत होता. दिवाल्या कुठे थांबला म्हणून नाही. बाकीचे बावा मधूनमधून बसून तळव्यांतले काटे काढत होते, हा नाचतोच आहे. पहाटे होळी पेटली, ती विझत आल्यावर निखाऱ्यांच्या कडेकडेने सुद्धा गेला. दुसऱ्या दिवशी रिनाला त्याच्या टाचेवर रुपयाएवढा फोड दिसला. ती ओरडली तेव्हा याने पाय उलटा करून पाहिला. याला पत्ताच नव्हता! मी मलमपट्टी केली. विचारलं, "दुखलं नाही?" तर केवढा फुलला चेहरा! म्हणाला, "म्याडम, महिना झाला, खडा लागत नाही, काटा लागत नाही. देवमोगरा मातेने पाय सांभाळलेत." सगळा पाडा त्याच्याकडे मानाने पाहतोय. पुढल्या वर्षी बावांच्या पुढे यालाच नाचायला लावणार आहेत.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर असून असल्या गोष्टीत रमते. पण काका, चार महिन्यांपूर्वी हा माणूस दोन पायऱ्या चढून धापा टाकत होता. मला तरी देवीशी भांडावंसं वाटलं नाही.

पुढच्या बैठकीसाठी टिपणाचा दुसरा भाग लवकरच पाठवते. तक्रार अजूनही शून्य.

तुमची,
शिखा

—

म्हसावद, ९ मार्च २०२६

शिखा,

हे पत्र घेऊन भिला स्वतः येतो आहे. तुझा फोन लागत नाही, पेटी परवा निघणार, तितकं थांबता येणार नाही.

दिवाल्याचे पाय आजच तपास. त्याला काय वाटतं ते विचारू नकोस, तपास. भिलाजवळ डबीत नादकाटा आहे, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, एकशे अठ्ठावीस कंपनांचा. वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेव. त्याला डोळे मिटायला सांग आणि कंप कळतो का पाहा. घोट्यावर, गुडघ्यावर, मग हाताला. कापसाने, टाचणीनेही पाहा. डोळ्यांची दृष्टी आणि रंग ओळखणं, तेही. मग जिथे रेंज मिळते त्या खडकावर चढ आणि जिल्ह्याच्या क्षय केंद्राशी बोल. लिनेझोलिडचं काय करायचं ते त्यांच्या सल्ल्याने ठरव. बाकीची तीन औषधं स्वतःच्या मनाने थांबवू नकोस. त्यालाही थांबवू देऊ नकोस.

देवीने पाय सांभाळले नाहीत, शिखा. पायांची जाणीव गेली आहे. तू त्याला सांगितलं होतंस, त्रास झाला तर सांग. त्याला खड्याकाट्यांचा त्रास व्हायचा तो थांबला. असलं सुख कोण तक्रार म्हणून सांगेल?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसत. भिला समोर बसला होता, त्याला वाचायला दिलं. त्याने फोडाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे नुसता पाहत राहिला. तेव्हा मी दुसऱ्यांदा वाचलं.

आता तुला सांगायला हवं. भिला जन्मापासून बहिरा नाही. पंधरा वर्षांपूर्वी त्याला हाच क्षय झाला होता. कॅनामायसिनच्या सुया सहा महिने रोज मी स्वतः दिल्या. तिसऱ्या महिन्यात एकदा तो हसत म्हणाला, "डाक्टरदादा, कानमां पावा वाजस." कानात पावा वाजतोय. मला इतकी मौज वाटली! मी म्हटलं, भाग्यवान आहेस, लोक त्यासाठी जन्मभर तप करतात. त्यावर मी एक संस्कृत श्लोकही रचला. चांगला जमला होता, बैठकीत म्हणून दाखवला. सगळे हसले, भिलाही हसला. सुया चालू राहिल्या. त्या औषधाने कान जातात आणि जाण्याआधी ते वाजतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. श्लोक रचताना आठवलं नाही.

नादकाट्यांची डबी मी त्यानंतर घेतली, त्याचे कान तपासायला. तेव्हा तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकशे अठ्ठावीसचा काटा आजवर वापरलेलाच नाही.

तुझ्याकडे अजून वेळ आहे.

नवनीत

—

आरोग्य केंद्र, काठीजवळ, १३ मार्च २०२६

काका,

अंगठ्यावर कंप कळला नाही. दोन्ही पायांना. घोट्यावर अंधुक, गुडघ्यावर नीट. टाचणी घोट्याच्या खाली कळत नाही. हात ठीक. रंग बरोबर ओळखले, तरी बुधवारी नंदुरबारला नेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. डोळे चांगले आहेत.

क्षय केंद्राशी बोलले. पहिले काही आठवडे पूर्ण मात्रेत झालेत आणि थुंकी स्वच्छ आहे, म्हणून लिनेझोलिड आता निम्मं. बाकी तिन्ही तशीच. दर पंधरा दिवसांनी पाय तपासायचे, वाढलं तर लिनेझोलिड पूर्ण बंद करायचं. वेळेवर कळलं, बहुतेक सुधारेल, असं ते म्हणाले. "बहुतेक" हा शब्द मी तीन वेळा वदवून घेतला.

मला माझ्याबद्दल सांगायचंय. कार्डावर दर महिन्याला "पाय" असा रकाना आहे. मी तिन्ही वेळा "ठीक" लिहिलं. रिना विचारायची, काही त्रास? तो म्हणायचा, नाही. ती मला सांगायची, मी लिहायची. चपलेतून त्याचे पाय मी एकदाही बाहेर काढायला लावले नाहीत. आणि वर तुम्हाला त्याची गोष्ट लिहिली, रंगवून.

सगळ्यात कठीण ते दिवाल्याला सांगणं होतं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे मातेने नाही? गोळीने?" पाड्यावरच्या दहा-बारा लोकांसमोर. त्याचा चेहरा पाहवेना. भोपळा कमरेचा सोडून त्याने जमिनीवर ठेवला. धनुबाई म्हणाली, "पाय खाणारी गोळी नको आम्हाला." मी आकडे सांगायला लागले, शंभरातले नव्वद वगैरे. रिना भाषांतर करता करता मध्येच थांबली. "म्याडम, हे नको," म्हणाली.

तेव्हा भिलामामा उठले. त्यांना ऐकू काहीच आलं नव्हतं, पण जमिनीवरचा भोपळा दिसला होता. त्यांनी तो उचलला आणि दिवाल्यासमोर बसले. तुम्हाला ठाऊकच आहे किती मोठ्याने बोलतात. सगळ्या डोंगराने ऐकलं असेल.

"मन्हा कान ग्यात. पन मी जित्ता शे. पंधरा वरीस! तुन्हा पाय अजून ग्या नहीत. गोळी सोडशी त जीव जाई. पाय लपाडशी त पाय जातीन. काय सोडनं नहीं, काय लपाडनं नहीं."

रिनाला अहिराणी येते. तिने त्याच्या भाषेत सांगितलं, हळू आवाजात: गोळी सोडू नको, पाय लपवू नको. दिवाल्याने विचारलं, तुम्ही डॉक्टरला सांगितलं नव्हतं का? रिनाने ते भिलामामांच्या पाटीवर लिहून दाखवलं. भिलामामा म्हणाले, "सांगेल व्हतं. पन हासी हासी सांगेल व्हतं."

मग शेवटी धनुबाईच बोलली. तिचं म्हणणं असं: फोड कुणी दाखवला? रिनाने. पत्र कुणी वाचलं? या बहिऱ्या माणसाने. एवढ्या लांबून तो नेमका आता आला. म्हणजे मातेने पाय सांभाळलेच. फक्त वेगळ्या रीतीने. आणि तिने भोपळा परत बांधला.

काका, मी पुन्हा देवीशी भांडले नाही. पण या वेळी आधी पाय पाहिले, मग गप्प बसले.

शिखा

—

म्हसावद, ६ एप्रिल २०२६

चि. शिखा,

स्वतःला फार कोसू नकोस. त्या खात्यात माझी जागा राखीव आहे आणि ती मी कुणाला देणार नाही.

काल बैठकीत तुझा दुसरा भाग वाचला. "तक्रार नाही" ही ओळ तू स्वतःच खोडून खाली लिहिलंस: "रुग्णाला बरं वाटू लागलं तरी पाय तपासावेत, विशेषतः फार बरं वाटू लागलं तर." या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. अकराही जण जागे होते. एक जण उठून म्हणाला, माझ्याकडे दोन रुग्ण याच उपचारावर आहेत, त्यांचे पाय मी पाहिलेले नाहीत. आणि जेवायला न थांबता निघून गेला.

आणि हो, औषध मी आता मानलं. डिसेंबरातला माझा संशय आणि मार्चमधला तुझा उत्साह, दोन्ही एकाच जातीचे निघाले: दोघांनीही रुग्णाकडे न पाहताच मत बनवलं होतं. उपचार चांगला आहे. चांगल्या उपचारावर तर अधिक लक्ष ठेवावं लागतं, हुशार मुलावर ठेवतात तसं.

कार्डावर तू "तो काय म्हणतो" असा नवा रकाना हाताने आखलास, त्याच्याच शब्दांत लिहायला, हे वाचून मी भिलाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. एवढं प्रशस्तिपत्र मला तीस वर्षांत मिळालेलं नाही.

तुझा,
नवनीतकाका

—

आरोग्य केंद्र, काठीजवळ, २८ मे २०२६

काका, जय जिनेंद्र.

संपला! सव्वीस आठवडे, एकही दिवस न चुकता. थुंकी स्वच्छ. अजून वर्षभर मधूनमधून तपासत राहू, पण गोळ्या बंद.

पायांचं सांगते. एप्रिलअखेर घोट्यावर नीट कळू लागलं. आज शेवटची तपासणी. डोळे मिटायला लावले, काटा वाजवला, डाव्या अंगठ्यावर ठेवला. दिवाल्याने मान कलती केली. मग हळूच, "वाजतंय. लांब वाजतंय, दुसऱ्या डोंगरावर ढोल वाजतो तसं." उजव्याला अजून नाही. क्षय केंद्राचे डॉक्टर म्हणाले, येईल, वर्ष लागेल. त्याच्या रकान्यात मी ढोलाचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

बाहेर पडताना अंगणातल्या खडीवर त्याचा पाय पडला आणि तो "आई गं!" म्हणून एका पायावर उडाला. धनुबाई एवढी हसली की खाली बसली. "लागलं! लागलं त्याला!" पुढल्या होळीला पुढे कुणी नाचायचं यावर पाड्यात वाद आहे. दिवाल्या म्हणतो, मीच. काटा लागला तर काढून नाचेन.

नादकाटा परत पाठवते आहे, पप्पांच्या पेटीतून, कापसात गुंडाळून. त्यांना सांगितलंय, हा फुटत नाही, तरी जपून.

तुमची,
शिखा

—

म्हसावद, ३ जून २०२६

चि. शिखा,

काटा पोचला. तुझ्या बापाने त्याला एवढा कापूस गुंडाळला होता की जखमेला पुरला असता.

तुझं पत्र मी भिलाला दिलं. ढोलाच्या ओळीवर तो थांबला. मग डबी उघडली, काटा टेबलाच्या कडेवर आपटला, चप्पल काढली आणि स्वतःच्या अंगठ्यावर ठेवला. डोळे मिटून बसला. बाहेर सहा रुग्ण बसले होते. मी कुणाला आत बोलावलं नाही.

"वाजी ऱ्हायनं," तो मोठ्याने म्हणाला.

मला सुचली होती एक ओळ, संस्कृतात, चांगली. रचली नाही. पाटी घेतली आणि लिहिलं: "आणि कानातला पावा?"

त्याने वाचलं. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "शे ना. आजून वाजस, रोज. तुम्ही कधी इचारंच नही."

मी त्याचं जुनं कार्ड शोधलं. पिवळं पडलंय, पण आहे. त्यावर तुझ्यासारखा एक रकाना आखला, आजची तारीख घातली, आणि विचारत गेलो: कसा वाजतो, केव्हा वाढतो, झोप लागते का. तो सांगत गेला. कार्ड पुरलं नाही, मागच्या बाजूला लिहिलं. नंदुरबारच्या कानाच्या डॉक्टरांकडे सोमवारी घेऊन जातो आहे. ऐकू येण्याचं यंत्र लागेल की नाही ते पाहतील, आणि कान वाजण्यावरही हल्ली काही उपाय करतात म्हणे. मी संशयात्मा आहे, पण या वेळी आधी विचारून घेतलं आहे.

जुलैच्या बैठकीसाठी मीच टिपण लिहितो आहे. दोन पानांचं. पहिली ओळ भिलाची आहे, त्याच्या शब्दांत. वाचूनही तोच दाखवणार. मोठ्याने वाचेल, कुणी झोपणार नाही.

तुझा,
नवनीतकाका